सकळ लिपी ते सायक्लोस्टाईल : पुस्तक कलाकृती कसे होते

यवतमाळला वकिली करणारे यशवंत खुशाल देशपांडे यांनी 1925 साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या महानुभाव पंथाच्या परंपरेचा त्यांनी अभ्यास केला, तिच्यातल्या पुष्कळ पोथ्या विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत पंथाबाहेरच्या माणसाला वाचताच येत नव्हत्या. भाषा मराठी होती. अक्षरे मात्र ओळखीची नव्हती. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले होते. सकळ लिपीत एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण किंवा ठरवून घेतलेली खूण येते. किल्ली ठाऊक असलेला वाचक ओळीमागून ओळ वाचत जातो. किल्ली नसलेल्याला तेच पान नुसते दिसते. काळ्या रेघा, वळणे, ठिपके, मधली मोकळी जागा, ओळींची लांबी, समास. पुढे इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे यांच्या पिढीतल्या अभ्यासकांपुढे ही लिपी उलगडली आणि मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातला मोठा ठेवा वाचकांपुढे आला.

आधुनिक कलेतले 'कलाकाराचे पुस्तक' आणि अक्षरांचे प्रयोग समजून घ्यायचे असतील तर या पोथीपासून निघणे मला सगळ्यांत सोयीचे वाटते. एकाच पानाला दोन बाजू असतात, एक वाचायची आणि एक बघायची, ही गोष्ट इथे ढळढळीत समोर येते. एरवी आपण अक्षराच्या आरपार पाहतो. 'पाणी' असे लिहिलेले दिसले की मनात पाणी येते, प ची गोलाई आणि ण चा दांडा लक्षातही येत नाही. अक्षरांचे प्रयोग करणारा कलाकार ही आरपार जाणारी नजर क्षणभर अडवतो. चिनी कलाकार शू बिंग यांनी 1987 पासून चार वर्षे राबून सुमारे चार हजार चिनी वाटणारी, पण कोणत्याही शब्दकोशात नसलेली अक्षरे लाकडात कोरली आणि त्यांचे खरेखुरे ग्रंथ छापले, उत्तम बांधणीसकट. ते कोणालाच वाचता येत नाहीत, स्वतः शू बिंग यांनाही नाही. महानुभावांच्या पोथीत अर्थ आहे आणि तो राखण्यासाठी रूप झाकले आहे. शू बिंग यांच्या ग्रंथात रूप सगळे आहे आणि अर्थाची जागा रिकामी आहे. महानुभावांना कलाकृती करायची नव्हती, आपले धर्मग्रंथ सांभाळायचे होते. हा फरक विसरता कामा नये. पण पान कसे काम करते, याचा धडा दोन्हीकडे एकच मिळतो.

आता कलाकाराचे पुस्तक म्हणजे नेमके काय, ते पाहू. चित्रांचा छापील संग्रह म्हणजे ते नव्हे. चित्रकाराने लिहिलेले पुस्तकही नव्हे. प्रभाकर बरवे यांचे 1990 साली आलेले 'कोरा कॅनव्हास' हे मराठीतले चित्रविचारावरचे फार महत्त्वाचे पुस्तक आहे, पण ते कलेविषयीचे पुस्तक आहे. त्याचा आकार किंवा टाईप बदलला तरी विचार तोच राहतो. बरव्यांच्या डायऱ्या, ज्या 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील त्यांच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिल्या, त्या वेगळ्या जातीच्या. तिथे टिपण आणि रेखाटन एकमेकांत मिसळलेले आहे. तरी त्या खासगी वह्याच. कलाकाराचे पुस्तक मुळातच पुस्तक म्हणून योजलेले असते. त्याचा आकार, कागद, पानांचा क्रम, शिवण, अक्षर यांतले काहीही काढले तर कृती मोडते. चाचणी साधी आहे : त्या पुस्तकातला मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला तर काय गमावते? काहीच गमावत नसेल तर ते पुस्तक मजकुराचे वाहन होते. बरेच काही गमावत असेल तर पुस्तकच कृती आहे.

सगळ्यांत जास्त गमावते ती पान उलटण्याची क्रिया. मेक्सिकोत जन्मलेले आणि अॅम्स्टरडॅमला स्थायिक झालेले उलिसेस कारिऑन यांनी 1975 च्या सुमारास पुस्तकनिर्मितीच्या नव्या कलेविषयी एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की पुस्तक म्हणजे एकामागून एक येणाऱ्या जागांची मालिका, आणि प्रत्येक जागा वेगळ्या क्षणी आपल्यासमोर येते. म्हणून पुस्तकात काळ असतो. हे वाचताना मराठी वाचकाला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. मधुकर पाटकरांनी 1951 साली सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकातल्या खिडकीचित्रांनी हे काम घराघरांत केले आहे. वरच्या पानाला एक चौकट कापलेली असते. तिच्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा एक तुकडा दिसतो आणि वरच्या चित्राशी तो इतका बेमालूम जुळतो की भलतेच काही चालले आहे असे वाटते. पान उलटले की तोच तुकडा दुसऱ्या, बहुधा निरुपद्रवी, चित्राचा भाग निघतो. या विनोदाला तीन गोष्टी लागतात : दोन पाने, एक भोक आणि वाचकाचा हात. तेच चित्र भिंतीवर लावा किंवा मोबाईलच्या पडद्यावर एकसंध दाखवा, विनोद संपला. आपल्या समीक्षेने या खिडक्यांकडे चावटपणा म्हणून पाहिले, त्यामागची पुस्तकाची समज मात्र नोंदवली नाही, ही उणीव आहे.

विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात पश्चिमेत संकल्पनात्मक कला पुढे आली. कलाकृतीत मुख्य गोष्ट म्हणजे कल्पना, हाताचे कसब दुय्यम, असा तिचा आग्रह होता. मग एकच मौल्यवान कॅनव्हास कशाला? कल्पना छापून वाटता येते. 1963 साली एड रुशे या अमेरिकी कलाकाराने सव्वीस पेट्रोलपंपांच्या सरळसाध्या छायाचित्रांचे एक बारके पुस्तक काढले, पहिली आवृत्ती 400 प्रतींची. पेट्रोलपंपांविषयी एक अक्षर माहिती नाही. फक्त पंप आणि त्यांची ठिकाणे. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने ते नाकारले, तेव्हा रुशे यांनी त्या नकाराचीच जाहिरात एका कलामासिकात छापली. 1968 च्या डिसेंबरात सेथ सीगेलॉब यांनी सात कलाकारांना प्रत्येकी पंचवीस पाने दिली आणि त्या पानांवर जे होईल तेच प्रदर्शन, असे ठरवले. ते 'झेरॉक्स बुक' म्हणून ओळखले जाते, जरी झेरॉक्स महाग पडल्यामुळे प्रत्यक्षात ते ऑफसेटवर छापावे लागले होते. प्रदर्शनाची भिंत काढून टाकून तिच्या जागी पान ठेवणे, ही त्यातली कल्पना होती.

इथे थोडा वेळ छापखान्यात जायला हवे, कारण पानाचे राजकारण तिथे ठरते. आपण पुस्तक पानापानाने वाचतो, पण छापखाना पान छापत नाही, फर्मा छापतो. मोठा कागद एकदा दुमडला की चार पाने, दोनदा दुमडला की आठ, तीनदा दुमडला की सोळा. आठ पानांच्या फर्म्यात कागदाच्या एका बाजूला 1, 8, 4, 5 ही पाने येतात आणि दुसऱ्या बाजूला 2, 7, 3, 6. शिवणीला लागून असलेल्या दोन पानांची बेरीज नेहमी नऊ, सोळा पानांच्या फर्म्यात सतरा. म्हणजे पहिले पान आणि शेवटचे पान हे एकाच तावावरचे सख्खे शेजारी असतात, आणि वाचताना समोरासमोर येणारी 2 आणि 3 ही पाने आठ पानांच्या फर्म्यात छापताना डोक्याला डोके लावून, एकमेकांना उलटी असतात. हे एकदा कळले की पुस्तकात दोन वेगळे क्रम आहेत हे ध्यानात येते : वाचण्याचा आणि घडीचा. चांगला पुस्तककार दोन्ही वापरतो. पोथीची रीत आणखी वेगळी. तिची पाने सुटी आणि आडवी; पान डावीकडे न उलटता लांब कडेवरून वर उलटायचे, म्हणून मागची बाजू त्या हिशेबाने लिहिलेली. शिवण नाही, त्यामुळे दोन पाने समोरासमोर येण्याचा प्रकार डाव्या-उजव्याऐवजी वर-खाली होतो.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. 1897 साली फ्रेंच कवी मालार्मे यांनी एका दीर्घ कवितेत शब्द पानभर पसरले, लहानमोठ्या टाईपात, मध्ये मोठमोठे पांढरे पट्टे सोडून. आपल्याला वाटते, कवीने जागा रिकामी सोडली. खिळे जुळवणाऱ्या माणसासाठी ती रिकामी नसे. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत पांढरी जागासुद्धा धातूने भरावी लागते. खिळ्यांपेक्षा बुटके तुकडे आणि पट्ट्या बसवून सगळी चौकट इतकी घट्ट आवळावी लागते की ती उचलली तरी एक खिळा पडू नये. चार शब्दांच्या पानाला भरगच्च पानापेक्षा कमी शाई लागते, पण ते जुळवायला अनेकदा जास्त वेळ लागतो. तिरका शब्द तर जुळाऱ्याची परीक्षाच. म्हणून प्रायोगिक टाईपरचनेत कवी आणि जुळारी हे दोघेही कर्ते असतात. 1969 साली बेल्जियमच्या मार्सेल ब्रोथार्स यांनी मालार्मेची तीच कविता घेतली आणि प्रत्येक ओळीच्या जागी तेवढ्याच लांबीरुंदीचा काळा पट्टा छापला. शब्द एकही नाही, पण मूळ रचना जशीच्या तशी दिसते. वाचायची बाजू पुसून बघायची बाजू तेवढी राखली.

देवनागरीत हे सगळे करताना अडचणी वेगळ्या आणि शक्यताही वेगळ्या. रोमन अक्षरे एका ओळीत सुटी उभी राहतात. देवनागरी अक्षर वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार घेऊन येते, आणि जोडाक्षरांत दोन-तीन व्यंजने एकमेकांत शिरतात. त्यामुळे आपल्या जुळाऱ्यासमोरच्या पेटीत कित्येकशे घरे असत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी अर्ध्या अक्षरांचे खिळे वेगळे पाडून ही संख्या आटोक्यात आणली. 1869 साली निघालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात राणोजी रावजी आरू यांच्या हातून देवनागरी टाईपाला जे सौष्ठव आले, ते पुढे कित्येक दशके आदर्श मानले गेले. डिग्री पद्धतीत मधले अक्षर एका थरात, वरची चिन्हे दुसऱ्या आणि खालची तिसऱ्या थरात जुळवत. छापून झाल्यावर वाचकाला एक ओळ दिसे. चौकटीत त्या तीन असत.

या रचनेमुळे मराठी अक्षराला एक छत आणि दोन मजले आहेत. शिरोरेघ शब्दाला बांधून ठेवते. ती तोडली की शब्द सुटतो, लांबवली की शब्द ताणला जातो, काढून टाकली की अक्षरे उघडी पडतात. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग शब्द न तोडता अक्षरे तिला लटकावत जाई. म्हणून मोडीचे पान दुरून एकसंध विणीसारखे दिसते. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या मेळातून जी मुक्त अक्षरलिपी घडवली, तिच्या मुळाशी ही वीण आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरे काढताना नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातच आणून ठेवला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या दोन स्तंभांत त्यांनी केलेले काम पुष्कळ गॅलरींतल्या अक्षरचित्रांहून मला अधिक खोल वाटते. आणि र. कृ. जोशी यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकूच शकत नाही. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातले कलादिग्दर्शक आणि 1983 पासून मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. अक्षर हे दृश्य आहे आणि ध्वनीही आहे, हा विचार त्यांनी कवितेतही केला आणि संगणकातही. विंडोजमधला 'मंगल' हा फाँट त्यांचा. तलाठी कार्यालयातला दाखला असो की विद्यापीठातला प्रबंध, मराठी माणूस कित्येक वर्षे त्यांच्या अक्षरांतून लिहीत-वाचत आला आहे.

मराठीत कलाकाराचे पुस्तक गॅलरीतून आले नाही. ते अनियतकालिकांतून आले, म्हणजे पैसे नसलेल्या कवींच्या हातून आले. 1950 च्या दशकाच्या मध्यात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी मंडळींनी 'शब्द' हे अनियतकालिक काढले, सायक्लोस्टाईलवर. सायक्लोस्टाईल कसे चालते हे आताच्या मुलांना सांगावे लागेल. मेणाचा थर असलेला पातळ स्टेन्सिल कागद घ्यायचा. टाईपरायटरची फीत बाजूला करून त्यावर टंकायचे, किंवा टोकदार लेखणीने हाताने लिहायचे. जिथे घाव पडतो तिथले मेण निघते. मग तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवत राहायचे. मेण निघालेल्या जागांतून शाई झिरपून खालच्या कागदावर उतरते. काही शे प्रती निघेपर्यंत स्टेन्सिल थकते, ठ सारख्या अक्षरांची पोटे फाटतात, शाई कुठे दाट तर कुठे फिकी पडते. दोन प्रती हुबेहूब सारख्या नसतात. मजकूर बदलायला मालकाची, संपादकाची, छापखान्याच्या मॅनेजरची परवानगी लागत नाही. हाताने लिहिले तर टाईपाची चौकटच उरत नाही. ओळ वाकवता येते, शब्दाभोवती रेघ ओढता येते. प्रतिष्ठित मासिकांच्या गुळगुळीत पानाला हा ओबडधोबडपणाच उत्तर होता. साठीच्या दशकात अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा', राजा ढाले यांचे 'येरू', सतीश काळसेकर यांचे 'फक्त' अशी रांगच लागली. प्रत्येकाचा आकार आणि कागद वेगळा, आणि पुढचा अंक कधी येईल याचे वचन नाही. अनियमितपणा हा त्यांच्या रूपाचा भाग होता.

यांतून जो माणूस पुस्तकाच्या रूपाकडे सर्वांत गंभीरपणे वळला तो अरुण कोलटकर. कोल्हापूरचे, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, पोटासाठी जाहिरातींत ग्राफिक डिझायनर. 1976 साली आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी 'क्लिअरिंग हाऊस' ही स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली. तिच्या पुस्तकांची रूपरचना कोलटकरांची. त्यांची इंग्रजी 'जेजुरी' तिथूनच आली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. 'जेजुरी'च्या शेवटाकडे, देवळे मागे पडून स्टेशन यायचे असताना, एका कवितेत ज्वारीच्या शेतात कोंबड्या-कोंबडे उड्या मारताना दिसतात. तिथे आतापर्यंत शिस्तीत चाललेली ओळ मोडते आणि वर-खाली होणारे शब्द पानावर विखुरतात. संपूर्ण पुस्तकात ही मुभा जवळपास तिथेच घेतली आहे, म्हणून ती लागते. दगडांच्या देवांमध्ये जे सापडले नाही ते जिवंतपण पक्ष्यांच्या उड्यांत सापडले, हे सांगायला कवीने विशेषण वापरले नाही. पानाची जागा वापरली. प्रायोगिक टाईपरचना कशी असावी, हे कोणी विचारले तर मी हे पान दाखवीन. प्रयोग पानोपानी करायचा नसतो. जिथे सरळ ओळ पुरत नाही तिथे करायचा असतो.

मराठी बाजूला अशोक शहाणे यांचे 'प्रास प्रकाशन' होते. 'अरुण कोलटकरच्या कविता' 1977 साली तिथून आल्या, आणि 2003 साली 'भिजकी वही'. तुकोबांच्या इंद्रायणीत बुडालेल्या वह्यांची आठवण या नावातच आहे. जगभरातल्या दुःखी स्त्रियांचे अश्रू या वहीत जमा होतात. वही भिजते ती नदीच्या पाण्याने नव्हे. जाडजूड, हातात जड लागणारे हे पुस्तक. ते एका बैठकीत वाचून होत नाही आणि होऊ नये अशीच त्याची बांधणी आहे. कवितेचे निवडक तुकडे वाचून 'भिजकी वही' कळल्याचे जे सांगतात, त्यांनी निम्मे पुस्तक पाहिलेलेच नाही, असे माझे मत आहे.

रूप बदलले की वाचक बदलतो, याचे कडू उदाहरणही मराठीतच आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता 1983 साली पोस्टर म्हणून आली. पोस्टर भिंतीवर लागते, उभ्याने वाचले जाते, ज्याला वाचायचे तो थांबतो. 1994 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात ती पुन्हा छापली गेली, म्हणजे सदस्यांच्या टेबलावर पोचली, आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला तो या पुनर्मुद्रणावर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे 2015 मध्ये निकाल आला. शब्द तेच होते. कागद, आकार आणि हातात पडण्याची रीत मात्र बदलली होती.

आजच्या मुंबईतल्या कलाकारांची कामे आकाराने मोठी आहेत. जितीश कलाट यांनी 2007 साली दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचे गांधीजींचे भाषण हाडांच्या आकाराच्या सुमारे साडेचार हजार तुकड्यांतून अक्षर अक्षर उभे केले. ते वाचायला माणसाला भिंतीलगत चालत जावे लागते. शिल्पा गुप्ता यांनी टोपणनावाने किंवा निनावी लिहिल्या गेलेल्या शंभर पुस्तकांचे एक ग्रंथालय पोलादी पत्र्यांत केले. नाव लपवून लिहावे लागण्याचा भार तिथे धातूत उतरला आहे. कामे ताकदीची आहेत. तरी मला वाटते, पुस्तक काचेमागे गेले की त्याचे अर्धे बळ जाते. हात लागला पाहिजे.

आणि हात लागण्यासाठी, जिथून हा लेख निघाला त्या यवतमाळात सगळे साहित्य आहे. कॉलेजांच्या भोवती झेरॉक्सची दुकाने आहेत, लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले आहेत, वह्या बांधणारे बाइंडर आहेत. एका ए-फोर कागदात आठ पानांचे पुस्तक होते, शिवण न घालता. कागद आडवा धरा आणि वर चार, खाली चार अशी आठ घरे पडतील अशा घड्या घाला. खालच्या रांगेत डावीकडून 2, 3, 4, 5 ही पाने सरळ येतील. वरच्या रांगेत डावीकडून 1, 8, 7, 6 ही पाने उलटी, म्हणजे दोन्ही रांगांची डोकी मधल्या घडीकडे. आता मधली आडवी घडी फक्त मधल्या दोन घरांपुरती कापा. छापील बाजू बाहेर ठेवून कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोके आतल्या बाजूला ढकला, मधली चीर उघडून चौफुला होईल, तो मिटवा. पुस्तक तयार.

आता त्यात काय करायचे? समजा विषय पऱ्हाटीचा घेतला. आठही पानांवर एकाच उंचीवर शिरोरेघ ओढा, ती जमीन. देवनागरी अक्षरे रेघेखाली लटकतात, म्हणून ती आपसूक मुळे होतात. पहिल्या पानावर नुसती रेघ. दुसऱ्यावर रेघेखाली फक्त 'प'. चौथ्या पानापर्यंत 'पऱ्हाटी' पुरी होते आणि शेवटची वेलांटी जमिनीवर वाढू लागते. पाचव्या पानावर 'बोंडं' हा शब्द, वर मात्रा आणि दोन अनुस्वार, तीच बोंडे. बोंड फुटून पांढरे दिसायला हवे, पण झेरॉक्सला पांढरी शाई नसते. मग अनुस्वार काळे, मोठे छापा आणि त्यांच्या मधोमध पंचिंग मशीनने भोक पाडा. या पुस्तकात प्रत्येक पत्री दुपदरी असते, भोक दोन्ही पदरांतून सहाव्या पानावर निघते. सातव्या पानाचा वरचा भाग कोरा सोडला असेल तर भोकातून त्याचा पांढरेपणा दिसतो. पान उलटले की कापूस वेचला जातो. आठव्यावर पुन्हा नुसती रेघ, आणि पुस्तक उघडे उभे केले की आठवे पान पहिल्याला लागून येते : वेचणी संपलेले शेत आणि पेरणीआधीचे शेत एकाच रेघेवर. इथे शब्द दोनच आहेत, बाकीचे सांगणे घडी, भोक आणि क्रम यांनी केले. प्रती पन्नास काढा किंवा पाचशे, ती प्रत्येक मूळ कृतीच असते. कलाकाराच्या पुस्तकात नक्कल नावाची गोष्ट नसते.

अशी पुस्तके करणे जितके सोपे, तितकेच ती हरवणे सोपे. सायक्लोस्टाईलचा कागद स्वस्त, त्यात आम्लता जास्त. तो पिवळा पडून घडीवर तुटतो. साठ-सत्तरच्या दशकांतली अनियतकालिके विदर्भातल्या किती तरी घरांत, कोणाच्या आजोबांच्या, काकांच्या ट्रंकेत असतील. ती रद्दीत देऊ नका. स्कॅन करणार असाल तर फक्त कविता करू नका. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, जाहिराती, कोरी पानेसुद्धा रंगीत स्कॅन करा, सोबत लांबी-रुंदी, कागदाची जात, टाचणी की दोरा, हे लिहून ठेवा. मूळ प्रत जवळच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाला द्या. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, चिकटपट्टी लावू नका, आणि पाने सुटी झाली असतील तर त्यांचा क्रम बदलू देऊ नका.